कोरडं अंथरूण आधी, स्वेटर नंतर

दिवाळी आटोपते, पहाटे खिडकी लावून घ्यावीशी वाटू लागते, आणि घरात कुत्रं-मांजर असलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: याला स्वेटर घ्यावा का? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न असा, की ते रात्री झोपतं कुठे? दुसरा, त्याच्या अंगाखाली काय असतं? या दोन गोष्टी जमल्या तर निम्म्याहून अधिक हिवाळा निभावतो. स्वेटर लागतो तो उरलेल्यांना.

आपल्याकडची थंडी मुळात किती, हेही आधी पाहू. मुंबई, कोकण, गोवा इथे ती पहाटेपुरती हजेरी लावून जाते. पुणे, नगर, नाशिक, धुळे, नागपूर, गोंदिया इथे पारा दहाच्या खाली येतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. काश्मीरपुढे हे काही नाही. पण आपली घरं थंडीसाठी बांधलेलीच नसतात. खाली गार फरशी, खिडकीला नुसती जाळी, दाराखाली बोटभर फट. त्यात पहाटे नऊ अंश आणि दुपारी तीस, असा हेलकावा. म्हणून आपल्या हिवाळ्यात ऊब देण्याइतकंच ती वेळेवर काढून घेणंही महत्त्वाचं असतं.

कुत्र्या-मांजराचं अंग गरम राहतं कसं, ते थोडक्यात समजून घेऊ. लांब वरच्या केसांखाली अनेक जातींत बारीक, मऊ लोकर असते. ऊब ती लोकर देत नाही. लोकरीत अडकलेली हवा देते. नव्याने पिंजलेल्या कापसाची गादी फुगीर असते तोवर उबदार, आणि दबली किंवा भिजली की निकामी, तसंच हे. भिजलेल्या केसांत हवा उरत नाही, आणि पाणी अंगातली उष्णता भराभर ओढून घेतं. कोरडं कुत्रं दहा अंशांत मजेत झोपतं. ओलं कुत्रं पंधरा अंशांत कुडकुडतं. या लेखातल्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

ही लोकर वाढते ती दिवस लहान होऊ लागले की. म्हणजे तयारी थंडीच्या आधीच सुरू झालेली असते. नेमक्या याच वेळी आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा असतो, आणि अनेक जण ‘बिचाऱ्याला गरम होतंय’ म्हणून पॉमेरेनियन, शित्झू किंवा पर्शियन मांजराचे केस मशीनने बारीक करून आणतात. ते परत नीट वाढायला काही महिने लागतात. डिसेंबरात तेच जनावर उघडं पडतं. ऑक्टोबरात केस कापू नका, रोज विंचरा; उकाड्याची निम्मी तक्रार गुंता काढल्यानेच कमी होते.

आता धोका कुणाला? पग, डॅशहुंड, बीगल यांच्यासारख्या लहान किंवा आखूड केसांच्या कुत्र्यांना, मुधोळ आणि पश्मीसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना, कारण त्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, खरूज होऊन केस गेलेल्या भटक्यांना, पिल्लांना, आणि म्हाताऱ्यांना. लहान अंगाचं जनावर लवकर गार पडतं, कारण वजनाच्या मानाने त्याचं बाहेरचं अंग जास्त असतं. हस्कीची काळजी हिवाळ्यात करू नका. त्याचे हाल एप्रिलमध्ये असतात. गावठी कुत्रं काटक असतं हे खरं, पण काटक म्हणजे थंडी न वाजणारं नव्हे.

अंथरुणापासून सुरुवात करू. कोटा, शहाबादी, संगमरवर, व्हिट्रिफाइड टाइल, यातलं काहीही असलं तरी रात्रभर ते पोटाखालून ऊब शोषत राहतं. म्हणून अंथरूण जमिनीपासून चार-पाच बोटं वर हवं. लाकडी पाट, जुनी फळी, भाजीवाल्याकडचा क्रेट उलटा करून, किंवा कॅनव्हासची लोखंडी खाट, काहीही चालतं. वर गोणपाट दुहेरी घडी करून आणि त्यावर जुनी गोधडी. गोधडीच का? ती धुता येते, उन्हात लवकर वाळते, आणि कुत्र्याने उकरली तरी आतून फोम निघत नाही. दुकानातली फुगीर गादी दिसते छान, पण तिची खोळ निघत नसेल तर महिन्याभरात वास मारते.

अंथरूण कुठे घालायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. दारासमोर नको, कारण फटीतून येणारा वारा नेमका कुत्र्याच्या पाठीच्या उंचीवर असतो. गॅलरीत नको, तिथे दव पडतं. खात्री करायची असेल तर रात्री दहा वाजता आपण स्वतः तिथे जमिनीवर दहा मिनिटं बसून पाहावं. उभ्याने जो वारा जाणवत नाही तो बसल्यावर कळतो. जागा बदलायची झाली तर अंथरुणासकट, वास तोच ठेवून बदला. नाहीतर कुत्रं जुन्या जागी, नुसत्या फरशीवर जाऊन झोपतं.

अंगणात किंवा शेतावर कुत्रं असेल तर घरकुल लागतं, आणि ते लहान असावं लागतं. हे पटायला वेळ लागतो. हौसेने मोठं, पत्र्याचं, उभं राहून फिरता येईल असं घर केलं जातं, आणि कुत्रं त्यात जात नाही. कारण लहान जागा त्याच्या अंगाच्या उबेने तापते, मोठी तापत नाही. आत जाऊन वळता आणि वेटोळं करून झोपता आलं की पुरे. पत्रा रात्री गार पडतो आणि आतून घाम धरतो. पहाटे ते थेंब कुत्र्याच्या अंगावर पडतात. लाकूड किंवा प्लायवूड घ्या. दार उत्तरेला किंवा ईशान्येला नको, कारण हिवाळ्यातला गार वारा तिकडूनच येतो. दारावर गोणपाटाचा पडदा, खाली विटा, आत भाताचा पेंढा. पेंढा ब्लँकेटपेक्षा चांगला, कारण ब्लँकेट ओल धरून बसतं, पेंढ्यात पाणी टिकत नाही आणि कुत्रं त्यात अंग खुपसून झोपू शकतं. आठ-पंधरा दिवसांनी तो बदलावा. साखळीने बांधलेलं कुत्रं असेल तर साखळी घरकुलाच्या आतपर्यंत पोचते ना, हे एकदा पाहाच. घर दोन हातांवर आणि साखळी दीड हात, असं दिसतं कधीकधी.

शेकोटीबद्दल एक सूचना. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात कडाक्याच्या थंडीत बागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात, आणि शहरात वॉचमन कचरा पेटवून बसलेला असतो. माणसं उठून गेली की कुत्री राखेवर येऊन झोपतात. वरून विझलेल्या राखेत खाली निखारा असतो. हिवाळ्यात लंगडणाऱ्या कुत्र्याच्या पंजाखालच्या गाद्या जरूर पाहाव्यात. काटा शोधावा आणि भाजल्याचा फोड सापडावा, असं होतं. उठताना राखेवर पाणी मारलं तर प्रश्न मिटतो.

घरात हीटर लावत असाल तर तो जनावर झोपण्याआधी खोली गरम करायला लावा आणि मग बंद करा. रात्रभर चालू ठेवला तर हवा कोरडी होते, कातडीला कोंडा येतो, खाज सुटते. जवळ झोपलेलं मांजर मिशा जाळून घेतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि तो माणूस आणि जनावर दोघांनाही मारतो. गरम पाण्याची पिशवी चालेल, पण टॉवेलात गुंडाळून आणि जनावराला तिच्यापासून दूर सरकायला जागा ठेवून.

अंघोळीकडे वळू. हिवाळ्यात धडधाकट कुत्र्याला महिन्यातून एकदा अंघोळ पुरते. मांजराला बहुधा लागतच नाही. ‘वास येतो’ म्हणून दर रविवारी अंघोळ घालणाऱ्यांनी आधी कान, तोंड आणि शेपटीखालची जागा पाहावी. वास बहुतेक वेळा तिथून असतो आणि तो अंघोळीने जात नाही. घालायचीच तर दुपारी बारा-एकला, ऊन असताना, मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल अशा पाण्याने. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. आपला साबण त्यांच्या कातडीला मानवत नाही, आणि थंडीत तर ती तडकते.

खरं काम अंघोळीनंतरचं आहे. टॉवेलने पुसलं, कुत्र्याने अंग झाडलं, वरचे केस कोरडे दिसले, की आपण समजतो झालं. आता दोन बोटांनी छातीवरचे आणि कानांमागचे केस फाकवून पाहा. मुळाशी, कातडीलगत, अजून गार ओलसर लागतं. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये ही आतली ओल तासन् तास टिकते. तिच्यामुळे थंडी तर वाजतेच, पण वर केस आणि खाली ओली, कोंदटलेली कातडी असा भाग चाटून-खाजवून लाल, चिकट जखम होते. दुसरा कोरडा टॉवेल घ्या, दाबून दाबून पाणी टिपा, चोळू नका. मग हेअर ड्रायर अगदी मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून, सतत हलता ठेवून. बोट मुळाशी कोरडं लागेपर्यंत. ड्रायरला घाबरत असेल तर उन्हात फिरवा, पण ओलं जनावर पंख्याखाली किंवा गार फरशीवर सोडू नका.

सकाळच्या फेरीलाही हाच नियम लावा. सहा वाजता दवाने भिजलेल्या गवतातून फिरून आलेल्या डॅशहुंडचं पोट ओलंचिंब असतं, पाठ मात्र कोरडी. आपण पाठीवर हात फिरवतो आणि खूश होतो. घरी आल्यावर पोट आणि बोटांमधल्या खाचा पुसा. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत फेरी आठ वाजता न्या. म्हाताऱ्या कुत्र्याला तर उठल्याबरोबर जिना उतरवूच नका. सांधे आखडलेले असतात. आधी घरातच पाच मिनिटं चालू द्या.

आता स्वेटर. आखूड केसांच्या, लहान, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला तो जरूर घाला. मानेभोवती दोन बोटं सहज जावीत, काखेत शिवण काचू नये, पोटाखालचा भाग इतका मागे नसावा की लघवीने भिजेल. रात्री घातलेला स्वेटर सकाळी ऊन आलं की उतरवायचा. दुपारी तीस अंशांत धापा टाकणारं, गुलाबी स्वेटरमधलं कुत्रं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यात हौस मालकाची असते. दोन स्वेटर ठेवा, म्हणजे एक धुता येतो. लोकरीचा टोचत असेल तर लहान मुलाचा जुना, जाड टी-शर्ट त्याहून बरा. मांजराला मात्र कपडे घालू नका. त्याला स्वतःचं अंग चाटता येत नाही, उडी चुकते, आणि बहुतेक मांजरं कपडा घातला की एका जागी खिळून बसतात. त्याला मालक ‘शांत झालं’ म्हणतात.

मांजराची ऊब वेगळ्या वाटेने द्यावी लागते. मांजराला शरीर गरम ठेवण्यासाठी वेगळे कष्ट पडू नयेत, असं तापमान साधारण तीस अंशांपासून पुढे सुरू होतं. म्हणजे आपल्याला जी खोली छान वाटते ती त्याला गारच असते. म्हणून ते सेट-टॉप बॉक्सवर, फ्रिजच्या मागे, नुकत्याच लावलेल्या स्कूटरच्या सीटवर सापडतं. त्याला पुठ्ठ्याचा खोका द्या: बंद, एका बाजूला वीतभर भोक, आत जुनी चादर, आणि तो जमिनीवर नव्हे तर कपाटावर किंवा टेबलावर ठेवा, कारण गरम हवा वर असते. बाहेरच्या मांजरांसाठी कोळणीकडून मासळीचा थर्माकोलचा खोका मागून आणा, नीट धुवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, भोक पाडा. एवढ्या पैशात इतकी ऊब दुसऱ्या कशात मिळत नाही.

याच उबेपायी मांजरं रात्री गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनावर जाऊन बसतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, एकदा हॉर्न द्या आणि क्षणभर थांबा. घराजवळ पिल्लं असतील तर चाकांवरही नजर टाका. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक जपावं: रेडिएटरमध्ये घालायचं अँटिफ्रीझ चवीला गोड असतं आणि ते थोडं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ पंजांवरून धुऊन काढावं लागतं, ते वेगळं.

मांजरांबाबत हिवाळ्यातला सगळ्यात मोठा धोका थंडीचा नाही, पाण्याचा आहे. गार पाणी ती कमी पितात, बाहेर जायचा कंटाळा करतात, लघवी तुंबवून ठेवतात. लघवी घट्ट होते, त्यात वाळूसारखे बारीक खडे धरतात, आणि बोक्याची लघवीची नळी अरुंद असल्याने ती बंद होते. बोका पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, चाटत राहतो, बाहेर काही येत नाही. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय, दूध द्या. इथेच घात होतो. लघवी पूर्ण अडलेला बोका दीड-दोन दिवसांत दगावू शकतो. असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा.

हे टाळायला पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब. पाणी दिवसातून दोनदा बदला, थंडीत किंचित कोमट घाला. कोंबडी उकडलेलं पाणी, कांदा-लसूण-मीठ न घातलेलं, जेवणावर ओतलं तर मांजर आवडीने पितं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या बोक्याला निदान एक वेळ ओलं जेवण हवंच.

खाण्याचं काय? घरात झोपणाऱ्या कुत्र्याला हिवाळ्यात जास्त खायला लागत नाही. उलट फेऱ्या कमी होतात आणि वजन वाढतं. रात्रभर राखण करणाऱ्या शेतावरच्या कुत्र्याला मात्र लागतं. त्याला रात्रीच्या जेवणात एखादी बाजरीची भाकरी आणि अंडं वाढवा. बरगड्यांवर हात फिरवून ठरवा: त्या बोटांना लागायला हव्यात, डोळ्यांना ठळक दिसायला नकोत. ‘थंडी आहे’ म्हणून तूप ओतू नका. एकदम जास्त स्निग्ध खाल्लं की स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या सुरू होतात. गाईचं दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्या-मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

या दिवसांत घरात डिंकाचे लाडू असतात, गाजर हलवा असतो, नाताळचा केक येतो. या तिन्हींत मनुका किंवा बेदाणे असतात, आणि ते कुत्र्याला विषारी आहेत. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज करता येत नाही. काहींची मूत्रपिंडं थोड्यावरही बंद पडतात. चॉकलेट आणि कांदा-लसूण तर कुत्रं-मांजर दोघांनाही नको. रश्श्यातली हाडं-भात देण्याची पद्धत याच कारणाने सोडावी. तिळगुळाचा तुकडा पडलेला खाल्ला तर घाबरू नका, पण मुद्दाम देऊ नका.

आजारपण कसं ओळखायचं? कान गार लागले, नाक कोरडं आहे, यावरून काही ठरत नाही. घरात एक डिजिटल थर्मामीटर जनावरांसाठी वेगळं ठेवा आणि त्यावर नेलपॉलिशची खूण करा, म्हणजे माणसांच्या पेटीत जाणार नाही. टोकाला व्हॅसलिन लावून ते गुदद्वारात इंचभर सरकवायचं. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने शेपूट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. माणसाचे ९८.६ डोक्यात असल्याने १०१.५ पाहून आपण म्हणतो, ताप आलाय.

आणि मग घरातली गोळी दिली जाते. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. अर्धी गोळीसुद्धा. ते औषध पचवण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात नसते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा सुजतो. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंडं बिघडवतं. सर्दीचा बाम, कापूर, निलगिरीचं तेल यांचाही मांजरापाशी वापर नको. ते अंग चाटतं आणि सगळं पोटात जातं. माणसाच्या औषधाच्या पेटीतली कुठलीच वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, एवढं पाळलं तरी हिवाळ्यातल्या अनेक दुर्घटना टळतील.

थंडीत खोकला दिसतो तो बहुधा एकाचा दुसऱ्याला लागतो. घशात काहीतरी अडकलंय आणि ते ओकायला पाहतंय, असा कोरडा, भुंकल्यासारखा खोकला असेल तर तो संसर्गाचा. लग्नसराई आणि नाताळच्या सुट्टीत कुत्री बोर्डिंगमध्ये ठेवली जातात आणि तिथून हा खोकला घेऊन येतात. त्याची लस मिळते; ठेवायच्या किमान दोन आठवडे आधी ती द्यावी. डोळ्यांतून-नाकातून पिवळा चिकट स्राव, ताप, खाणं बंद, पुढे अंगाला झटके, हे डिस्टेंपरचं लक्षण. लस न झालेल्या पिल्लांना हा आजार बहुतेक वेळा नेतोच. लसीकरणाचं कार्ड दिवाळीतच उघडून पाहावं.

मांजराला सर्दी झाली तर त्याचं नाक बंद होतं, वास येत नाही, आणि वास आला नाही तर ते खात नाही. इथे औषधाच्या बरोबरीने जेवण गरम करणं हा उपाय आहे. मासा किंवा चिकन हाताला कोमट लागेल इतकं तापवून, नाकाशी धरून पाहा. गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं बसवलं तरी नाक मोकळं होतं. जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवाच आजार सुरू होतो. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लावू नका.

आणखी एक सहज निसटणारी गोष्ट. मध्यमवयीन कुत्रं सतत ऊब शोधतं, हीटरला चिकटून बसतं, कमी खाऊनही जाड होतं, शेपटीचे आणि कुशीचे केस विरळ होतात. याला आपण म्हातारपण म्हणतो. रक्ताची थायरॉइड तपासणी करून घ्या. गोळीने बरीच कुत्री पुन्हा हिंडू-फिरू लागतात.

गारठलेलं जनावर सापडलं तर? थरथर सुरू असेल तोवर शरीर लढतंय. थरथर थांबली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, अंग सैल झालं, तापमान ९८ च्या खाली गेलं, तर प्रकरण गंभीर. आधी कोरडं करा. मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून, छाती आणि पोट यांच्याशी गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा. पाय चोळत बसू नका, गरम पाण्यात बुडवू नका. ब्रँडीचा चमचा मुळीच नको. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते. दर दहा-पंधरा मिनिटांनी तापमान पाहत डॉक्टरांकडे निघा.

पिल्लांचं सगळं थोडं निराळं असतं. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे आपल्याला ठाऊक आहे. गर्भ साधारण ६३ दिवसांचा. हिशेब करा: कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत कुत्र्या व्यायतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरून ऊब निर्माण करताच येत नाही. आईचं पोट आणि भावंडं हीच त्याची ऊब. ढीग करून शांत झोपलेली पिल्लं ठीक आहेत. एखादं बाजूला पडून सारखं रडत असेल तर ते गार पडलंय, उपाशी आहे किंवा आजारी आहे.

गार पिल्लाच्या तोंडात दूध घालणं ही दयेपोटी होणारी सगळ्यात घातक चूक. गार अंगात आतडी काम करत नाहीत; दूध पोटात नासतं किंवा फुप्फुसात जातं. आधी हळूहळू, अर्धा-पाऊण तास लावून ऊब द्या, तोंडाच्या आत बोटाला गरम लागू द्या, मग दूध. तेही पोटावर पालथं धरून, उताणं नव्हे. आणि पिल्लं उचलून घरी नेण्याआधी आईची वाट पाहा. ती बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. जवळच आडोशाला पेंढा घातलेला खोका ठेवला तर ती स्वतःच एकेक पिल्लू तोंडात धरून आत नेते. तिच्यासमोर पिल्लाला हात लावू नका. चावलीच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्यांसाठी सोसायटीच्या भिंतीलगत, वाऱ्याच्या आड, दोन-चार रिकामी पोती पेंढा भरून ठेवली तरी पुष्कळ. ज्यांना रस्त्यावर कुत्री नकोशी वाटतात, त्यांच्याशी पोत्यांवरून भांडू नये. थंडीत पिल्लं मरू नयेत, ही दोघांचीही इच्छा असू शकते, आणि तिचा खरा इलाज भाद्रपदाच्या आधी होणाऱ्या नसबंदीत आहे. वर्गणी काढायची तर पावसाळ्यात त्यासाठी काढा.

शेवटचं काम फेब्रुवारीचं, आणि तेच राहून जातं. शिवरात्रीला थंडी शिवशिव करत गेली की गोधड्या आणि पोती तशीच कोपऱ्यात पडून राहतात. गोचिडीची मादी अंगावरून उतरून अशाच घडीत, भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, आणि ऊन वाढलं की ती फुटतात. म्हणून गोधड्या उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पेंढा आणि पोती टाकून द्या, पाटाच्या फटी कडक पाण्याने घासून काढा. मग बांधून माळ्यावर टाका.